अंगठा आणि अक्कल

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका चुलत भावाने लिहिलं, "किमान दहावी पास असल्याशिवाय मताचा अधिकार देऊच नये. अंगठेबहाद्दर लोक पाचशेच्या नोटेवर सरकार निवडतात आणि भोगतो आपण." बघता बघता खाली 'अगदी बरोबर', 'मनातलं बोललास' अशी रांग लागली. त्यात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सगळी भली माणसं. माझ्या आजारपणात रात्री-बेरात्री धावून आलेली. म्हणूनच दोन दिवस मला काही लिहिता येईना. ग्रुपवर चार ओळींत मावणारं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून इथे लिहिते.

ही अट माझ्या भावाला काल सुचली असेल, पण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने ती तब्बल पाऊणशे वर्षं राबवून पाहिली आहे. 1890 च्या त्यांच्या राज्यघटनेत कलम आलं की मतदार व्हायचं असेल तर राज्यघटनेतलं कुठलंही कलम वाचता आलं पाहिजे, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा 'वाजवी' अर्थ सांगता आला पाहिजे. कागदावर पाहिलं तर यात गोरा-काळा हा शब्दसुद्धा नाही. पुढे 1954 मध्ये ही अट आणखी आवळली. आता वाचायचंही, अर्थही लेखी द्यायचा, शिवाय नागरिकाची कर्तव्यं काय यावर चार ओळी लिहायच्या. कलम कुठलं द्यायचं हे कोर्टातला नोंदणी कारकून ठरवणार. उत्तर वाजवी आहे की नाही, तेही तोच ठरवणार.

माझ्या मते सगळी गोष्ट या कारकुनाच्या टेबलाशी आहे. गोरा अर्जदार आला की त्याच्यापुढे 'कर्जापायी कुणालाही तुरुंगात टाकता येणार नाही' असलं एका ओळीचं कलम यायचं. कृष्णवर्णीय आला की कर आकारणीचं नाहीतर कायद्याच्या परिभाषेचं लांबलचक कलम. हॅटिसबर्ग गावात कॉलेजच्या पदव्या घेतलेले कृष्णवर्णीय शिक्षक या परीक्षेत नापास झाले. मुलांना वाचायला शिकवणारी माणसं वाचता न येणारी ठरली! आणि जेमतेम सही करणारे गोरे शेतकरी पास होत राहिले.

आता मिसिसिपीतल्याच फॅनी लू हेमर या बाईंबद्दल सांगते. 1960 च्या दशकातली अमेरिका म्हटलं की आपल्याला केनेडी आठवतात, मार्टिन ल्यूथर किंग यांचं वॉशिंग्टनचं भाषण आठवतं, व्हिएतनाम आठवतं, चंद्रावरचं पाऊल आठवतं. या बाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळलं, याचं आजही वाईट वाटतं.

जन्म 1917 चा. वीस भावंडांतलं शेंडेफळ. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे. सहाव्या वर्षापासून ही पोर कापूस वेचू लागली. शाळा भरायची ती कापसाचं काम नसेल त्या दिवसांत, आणि तीही सहा इयत्तांपलीकडे गेली नाही. लग्नानंतर रूलव्हिल गावाजवळच्या एका मळ्यावर ती कामाला होती. लिहिता-वाचता येतं म्हणून मालकाने तिला हजेरी आणि वजनांची नोंद ठेवायला बसवलं. मालक काट्यात मारतो हे तिला तिथे दिसलं. मग तो आसपास नसला की ती स्वतःकडचं खरं वजन काट्याला लावायची आणि वेचणाऱ्यांच्या पदरात त्यांच्या घामाचा कापूस मोजून घालायची. आपल्याकडे बाजार समितीत किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना या एका कृतीची किंमत वेगळी सांगायला नको.

1962 च्या ऑगस्टमध्ये गावातल्या चर्चमध्ये सभा झाली. विद्यार्थी चळवळीतली तरुण पोरं आली होती. कृष्णवर्णीयालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, हे हेमरबाईंना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. वय 44. रूलव्हिल ज्या जिल्ह्यात येतं, त्या सनफ्लॉवर काउंटीत कृष्णवर्णीयांची वस्ती निम्म्याहून जास्त, पण मतदार यादीत शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा. याच काउंटीत जेम्स ईस्टलंड या सिनेटरचा हजारो एकरांचा मळा होता, आणि हेच गृहस्थ वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. नागरी हक्कांचं विधेयक जायचं ते त्यांच्याच टेबलावरून. ज्यांच्या घामावर तो मळा उभा होता, त्यांना मत मिळालं असतं तर त्या टेबलावर कोण बसलं असतं?

31 ऑगस्टला अठरा जण एका जुन्या बसने 26 मैलांवरच्या इंडियानोलाच्या कोर्टात गेले. एका वेळी दोघांनाच आत सोडलं. हेमरबाईंपुढे कलम आलं ते कृती घडून गेल्यावर मागाहून लागू होणाऱ्या कायद्यांचं. कलम त्यांनी उतरवून काढलं, पण अर्थ सांगता आला नाही. नापास. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग चुकीचा आहे, ती शाळेच्या बससारखी पिवळी दिसते. बसमधली माणसं भेदरून गेली. तेव्हा मागून एक आवाज गाऊ लागला, तो हेमरबाईंचा होता.

त्या घरी पोचेपर्यंत मालकाच्या कानावर बातमी गेली होती. तो म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते." अठरा वर्षांचं घर त्या रात्री सुटलं. दहा दिवसांनी, ज्या ओळखीच्या घरी त्यांनी आसरा घेतला होता, त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी राज्याने आणखी एक नियम आणला होता: अर्ज करणाऱ्याचं नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापायचं. म्हणजे मालकाला, सावकाराला, रात्री बंदूक घेऊन निघणाऱ्याला पत्ता शोधत बसायला नको.

पण नोंदणी कारकुनाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, पास होईपर्यंत मी दर तीस दिवसांनी येणार. राज्यघटना आणून त्या अभ्यासाला बसल्या, आणि 1963 च्या जानेवारीत पास झाल्या. तरी त्या वर्षी मत देता आलं नाही, कारण मतपट्टीच्या, म्हणजे मत देण्यासाठी भराव्या लागणाऱ्या कराच्या, दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या. एक कुलूप उघडलं की आत दुसरं दार असायचंच. जूनमध्ये मतदार प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की मूत्रपिंडाचं दुखणं जन्माचं मागे लागलं.

आता 1964. त्या उन्हाळ्यात उत्तरेतले शेकडो विद्यार्थी नोंदणीच्या कामासाठी मिसिसिपीत उतरले. 21 जूनला तिघं तरुण बेपत्ता झाले, चेनी, गुडमन आणि श्वर्नर. 4 ऑगस्टला त्यांची प्रेतं मातीच्या एका धरणात पुरलेली सापडली. त्याच ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. मिसिसिपीतून येणारे प्रतिनिधी सगळे गोरे, कारण कृष्णवर्णीयांना पक्षाच्या बैठकांत घेतच नसत. म्हणून या लोकांनी स्वतःचा मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी हा पक्ष काढला, सगळ्यांना खुल्या सभा घेतल्या, साठाहून अधिक प्रतिनिधी निवडले, आणि बसमध्ये बसून समुद्रकाठच्या त्या शहरात जाऊन आपली खुर्ची मागितली.

22 ऑगस्टला, कुणाचे प्रतिनिधी खरे मानायचे हे ठरवणाऱ्या पक्षाच्या समितीपुढे हेमरबाई बोलल्या. हातात कागद नाही. बस, मालक, सोळा गोळ्या, विनोनाची कोठडी, सगळं क्रमाने सांगितलं, आणि शेवटी विचारलं, हीच का अमेरिका? टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तेवढ्यात घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे तिकडे वळले आणि बाईंचं बोलणं मधेच तुटलं. पण रात्री वाहिन्यांनी ते पुन्हा दाखवलं, आणि दिवसा पाहिलं असतं त्याहून जास्त लोकांनी ते रात्री पाहिलं.

जॉन्सन यांच्याबद्दल मला एकच एक मत बनवता येत नाही. याच माणसाने 2 जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही केली होती, आणि पुढच्या वर्षी मतदान हक्क कायदाही त्यांनीच रेटून नेला. पण त्या आठवड्यात त्यांना दक्षिणेतल्या गोऱ्यांची मतं हातची जाण्याची धास्ती होती. तडजोड पुढे आली: दोन जागा घ्या, तेही आम्ही सांगू ते दोघे, बाकीच्यांनी पाहुणे म्हणून बसावं. मोठमोठ्या उदारमतवादी नेत्यांनी समजावलं की राजकारणात मिळतं ते पदरात पाडून घ्यायचं असतं. हेमरबाई म्हणाल्या, "आम्ही एवढ्या लांबून दोन जागांसाठी नाही आलो."

पूर्वी मला ही तडजोड शहाणपणाची वाटायची. आता वाटत नाही. जीव मुठीत धरून आलेल्या माणसांना तुमचे प्रतिनिधीही आम्हीच निवडू असं सांगणं म्हणजे कारकुनाचं टेबल इंडियानोलाहून उचलून अटलांटिक सिटीत मांडणं. आणि ज्या भीतीने हे केलं, ती तरी टळली का? नोव्हेंबरात मिसिसिपीतली 87 टक्के मतं जॉन्सन यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गोल्डवॉटर यांना गेली.

पुढचं भराभर सांगते. मार्च 1965 मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी घोडे घालून तुडवलं, देशाने ते टीव्हीवर पाहिलं, आणि 6 ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. जिथे साक्षरता परीक्षा होती आणि निम्म्याहून कमी लोक मतदान करत होते, तिथे ती परीक्षा स्थगित झाली. नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठवायची सोय झाली. मिसिसिपीत 1964 मध्ये 6.7 टक्के कृष्णवर्णीय मतदार यादीत होते. 1967 मध्ये ते 59.8 टक्के झाले. तीन वर्षांत सगळे काही शिकून साक्षर झाले नव्हते. माणसं तीच होती, शाळा त्याच होत्या, फक्त कारकुनाच्या हातची प्रश्नपत्रिका काढून घेतली होती. 1975 मध्ये ती परीक्षा साऱ्या देशात कायमची बंद झाली.

आणि हे फुकट मिळालं नाही. हॅटिसबर्गच्या व्हर्नन डाहमर यांनी 1966 च्या जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मतपट्टी माझ्या दुकानात आणून द्या, ज्याच्याकडे पैसे नसतील त्याची मी भरेन. त्याच रात्री त्यांचं घर पेटवून दिलं. बायकोमुलांना बाहेर काढताना ते इतके भाजले की दुसऱ्या दिवशी गेले. त्यांची चार मुलं तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात होती.

आता भावाला उत्तर.

तू म्हणशील, आपली परीक्षा प्रामाणिक असेल. मग तपासणार कोण? ज्यांना आज मत आहे ते ठरवणार उद्या कुणाला मिळावं, आणि ज्यांना मत नाही त्यांच्या वस्तीत शाळा काढायची का, हेही तेच ठरवणार. मिसिसिपीने आधी मुलांना कापसाच्या रानात ठेवलं आणि मग त्यांचं शिक्षण मोजलं. आपण तर हजारो वर्षं माणसांना अक्षरापासून लांब ठेवलं. आता त्यांच्याकडे दाखला मागायचा?

आपल्याकडेही इंग्रजांच्या काळात मत होतं ते शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण असणाऱ्यांना. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनसमोर सगळ्या प्रौढांना मत मागितलं. आपल्याला काय हवं हे कळायला साक्षरता लागत नाही, निरक्षर माणूसही पुरता शहाणा असू शकतो, असं त्यांनी तिथे सांगितलं. त्यांच्याइतक्या पदव्या त्या काळी या देशात किती जणांकडे होत्या? पदव्यांचं मोल जाणणाऱ्या माणसाने मताला पदवीची अट लावू दिली नाही.

आणि पाचशेच्या नोटेबद्दल. नोट वाटली जाते, मी नाकारत नाही, मला त्याचा संताप येतो. पण आमच्या सोसायटीत पदवीधरांनी मिळून गेल्या निवडणुकीत उमेदवाराकडून आवारातले पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, आणि त्याला कुणी लाच म्हटलं नाही.

आपली आजी तुलाही आठवत असेल. तिला सही येत नव्हती. 1952 च्या निवडणुकीत ती बैलगाडीतून मत द्यायला गेली होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह लावलेलं. कुठल्या पेटीत कागद टाकला हे तिने आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवी, पास होते. घरात तांदूळ किती दिवस पुरेल, कोणता सोयरा शब्दाला जागेल, कोण गोड बोलून फसवतोय, हे त्यांच्या आधी तिला कळायचं, आणि हे तू स्वतः मला कितीदा सांगितलंयस. तुझ्या अटीत पहिलं नाव तिचं कापलं जातं.

हेमरबाईंनी पहिल्यांदा मत दिलं ते 1964 मध्ये, अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक फेरीत. वय 46. पुढे त्या सांगायच्या की माझं पहिलं मत मी मलाच दिलं, कारण उमेदवार मीच होते.