बंगला पाहून होकार? निदान पुस्तक तरी उघडा

रविवारी भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ: "मावशी, याला काय उत्तर देऊ?" तिने नुकतंच एक स्थळ नाकारलंय. मुलाचा बाणेरला थ्री-बीएचके आहे, त्यामुळे तिच्या आत्यांना ते फारच लागलं आणि त्यांनी हा मजकूर फॅमिली ग्रुपवर टाकला. म्हणे जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेजुडिस' ही प्रेमकथा नाहीच. नायिका एलिझाबेथने श्रीमंत डार्सीला नाकारलं, मग त्याचा पेम्बर्लीचा वाडा पाहिला आणि विरघळली. तिची आई हावरट, वडील तत्त्वाचे. त्या काळी बायकांना वारसा मिळतच नसे. आणि जिचं स्वतःचं लग्न जमलं नाही, तिने लग्नावर काय लिहायचं! शेवटी आत्यांची पुस्ती: "बघ, तुझ्या एलिझाबेथलाही अक्कल आलीच."

वाड्यापासूनच सुरू करते, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. एलिझाबेथला हे कधी कळतं? तिसऱ्याच प्रकरणात. तो नाचाच्या दिवाणखान्यात शिरतो आणि पाच मिनिटांत आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो. पुढे डार्सीच्या मित्राची बहीण मिस बिंग्ली तिच्यादेखत पेम्बर्लीच्या ग्रंथालयाचे गोडवे गाते. म्हणजे हन्सफर्डला ती डार्सीला तोंडावर नकार देते, तेव्हा त्याचं घर केवढं असेल हे न समजायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

आणि तिच्या स्वतःच्या पदरात काय? आईच्या पश्चात १,००० पौंड, तेही चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत. वर्षाचे ४० पौंड. हा हिशोब नात्यातला पाद्री कॉलिन्स मागणी घालता घालताच तिला ऐकवतो. डार्सीला तेवढे दीड दिवसात मिळतात! शिवाय लाँगबोर्नची इस्टेट पुरुष वारसाकडेच जाईल अशी बांधलेली, म्हणजे तिचं राहतं घर उद्या या कॉलिन्सचंच होणार. ती आधी त्याला नाकारते, मग डार्सीला. पैशावर डोळा असलेली बाई असा व्यवहार करते का?

तिचं मन पालटायला लागतं ते नकाराच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलेल्या डार्सीच्या पत्राने. ती ते इतक्यांदा वाचते की पाठ व्हायची वेळ येते. पेम्बर्लीत नवं कळतं ते कारभारीण मिसेस रेनल्ड्सच्या तोंडून: मालक चार वर्षांचा असल्यापासून ती त्याला ओळखते, त्याचा वाकडा शब्द कधी ऐकलेला नाही. मग तो स्वतः येतो आणि एलिझाबेथच्या व्यापारी मामाला मासे धरायला या म्हणून आग्रह करतो. याच माणसाने मागणी घालताना तिच्या नातेवाइकांवरून नाक मुरडलं होतं. पुढे धाकटी बहीण लिडिया विकम नावाच्या तरुणाबरोबर पळून जाते. डार्सी विकमचं हजाराच्या वर कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी १,००० लावतो, त्याला सैन्यात जागा घेऊन देतो, आणि हे सगळं गुपचूप. एलिझाबेथचा होकार त्यानंतरचा आहे, वाडा पाहून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी.

आता एवढं कबूल करावं लागेल की पेम्बर्ली पाहून इथली मालकीण होणं ही काही साधीसुधी गोष्ट नाही, असं तिच्या मनात येऊन जातं. प्रेम कधीपासून, असं तिची थोरली बहीण जेन विचारते तेव्हा त्याची जमीनबाग पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून, असंही ती सांगते. फॉरवर्डचा सगळा पुरावा हाच. पण लगेच पुढे जेन तिला गंभीरपणे सांग म्हणून विनवते, ते कोण वाचणार? थट्टा आहे हो ती! अर्थात १८१६ साली छापून आलेल्या परीक्षणात कादंबरीकार वॉल्टर स्कॉटसुद्धा असंच लिहून बसला की वाडा दिसेपर्यंत हिला आपली चूक कळत नाही. तेव्हा एकट्या आत्यांना काय बोलू.

वडील तत्त्वाचे? वर्षाला २,००० पौंड येत होते, शिल्लक काही नाही. कारण मुलगा होणारच, आणि तो सज्ञान झाला की बापलेक मिळून इस्टेटीचं बंधन काढतील. झाल्या पाच मुली. काटकसर आईलाही जमत नव्हती, पण नवरा गेला की घराबाहेर निघावं लागेल ही भीती घरात मोठ्याने बोलते ती तीच.

वारसा मिळतच नसे हेही खोटं. डार्सीच्या बहिणीच्या नावे ३०,००० पौंड आहेत, आणि आमच्याकडे मुलींना वगळायची गरज पडली नाही, असं डार्सीची मावशी लेडी कॅथरीन स्वतः म्हणते.

राहिली लेखिका. डिसेंबर १८०२ मध्ये मॅनिडाउनच्या इस्टेटीचा वारस हॅरिस बिग-विदर याने तिला मागणी घातली. संध्याकाळी तिने हो म्हटलं, सकाळी शब्द परत घेतला. दोन आठवड्यांत तिला सत्तावीस पूर्ण होणार होती. कादंबरीत कॉलिन्सला हो म्हणणारी शार्लट नेमकी तेवढीच आहे. १८०५ मध्ये वडील वारले आणि आई, जेन, बहीण कॅसान्ड्रा तिघीही भावांच्या मदतीवर आल्या. १८१४ मध्ये फॅनी नाइटला ती लिहिते की प्रेम नसताना लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं. १८१७ मध्ये त्याच फॅनीला लिहिते की एकट्या बायकांना गरीब राहण्याची भयंकर खोड असते.

दोन्ही पत्रं भाचीला पाठवली आहेत. ग्रुपवर टाकायची की नाही ते तिचं तिने ठरवावं. फॅनी ही जेनच्या भावाची मुलगी. म्हणजे लिहिणारी आत्याच आहे.