तक्ता नसलेला तक्ता

सत्र संपत आले की माझ्या टेबलावर ‘महागाईची कारणे व उपाय’ या विषयावरचे साठ स्वाध्याय येऊन पडतात, आणि त्यांतल्या निदान चाळिसांत ‘वरील तक्त्यावरून असे स्पष्ट होते की’ हे वाक्य असते. वर तक्ता मात्र एकाच्याही वहीत नसतो. मुलांच्या नावाने बोटे मोडून आम्ही मोकळे होतो, पण ज्याचे उत्तर गाइडच्या एका पानावर तयार मिळते तो प्रश्न घरी लिहायला दिला कुणी? आम्हीच.

गेल्या वर्षी मी हट्टाने विषय बदलला. घरच्या किराण्याच्या दोन महिन्यांच्या पावत्या घ्या, स्वतःच्या घरापुरती भाववाढ काढा आणि ती ग्राहक किंमत निर्देशांकाशी (म्हणजे घरगुती वस्तू-सेवांच्या भावांतला सरासरी बदल दाखवणाऱ्या सरकारी आकड्याशी) का जुळत नाही ते एका पानात लिहा, असे सांगितले. मुले गोडेतेलाच्या भावावरून माझ्याशी वाद घालायला आली. विभागाच्या बैठकीत मात्र एवढेच विचारले गेले, की याचे आदर्श उत्तर कुठे आहे?

अभ्यासक्रमाच्या आखणीचीही तीच तऱ्हा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या, शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणातले ‘विश्लेषण’, ‘मूल्यमापन’ असे भारदस्त शब्द उद्दिष्टांच्या रकान्यात बसवायचे, कोणते उद्दिष्ट कितपत साधते ते दाखवायला शेजारच्या चौकटींत एक-दोन-तीन असे आकडे (बहुधा महाविद्यालयाचा दर्जा तपासणारी मूल्यांकन समिती यायच्या आदल्या रात्री) भरायचे आणि अंतर्गत परीक्षेत विचारायचे काय, तर ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’.