पॉश, जहाज आणि वाया गेलेली वीस मिनिटं

आज दुपारी एका ऑफिसात पॉश कायद्याचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याचं ट्रेनिंग होतं. एकूण वेळ एक तास. पहिल्याच स्लाइडवर जहाज! ‘पॉश’ हा इंग्रजी शब्द कुठून आला ते सांगताना ट्रेनर रंगात आले. म्हणे इंग्लंडहून मुंबईला येताना बडे साहेब डावीकडची केबिन घ्यायचे आणि परतताना उजवीकडची, म्हणजे दोन्ही वेळा सावली. तिकिटावर शिक्का ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. टाळ्या पडल्या. यात वीस मिनिटं गेली. तास संपता संपता मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, तक्रार द्यायची तर नेमकी कुणाकडे?” उत्तर आलं, “एचआरला मेल टाका.”

घरी आल्यावरही डोकं शांत होत नाही, म्हणून लिहितेय. जहाजाची गोष्ट खोटी आहे आणि त्या मुलीला मिळालेलं उत्तर चुकीचं आहे.

आधी जहाज. गोष्टीत नाव नेहमी पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचं असतं. तो शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय ही गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती 1930 च्या दशकात. शब्द मात्र त्याआधीपासून वापरात आहे. 1914 साली ब्रिटिश सैन्यावरच्या एका पुस्तकात लिहिलंय की घोडदळातला शिपाई संधी मिळेल तेव्हा ‘पॉश’ कपडे घालतो, पॉश म्हणजे वरच्या दर्जाचे. तिथे ना जहाज आहे ना केबिन. 1918 मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात हवाई दलातला अधिकारी आईला सांगतो की तिकडे आमचा वेळ अगदी पॉश गेला.

आता सावलीचं गणितही करून बघू. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एडन बंदरापासून मुंबईपर्यंत जहाज साधारण पूर्व-ईशान्येला जातं, म्हणजे डावी बाजू उत्तरेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, तेव्हा डाव्या केबिनला सावली मिळणार, हे मान्य. पण तांबड्या समुद्रात जहाज आग्नेयेला चाललेलं असतं. तिथे डाव्या बाजूला सकाळचं ऊन आणि उजव्या बाजूला दुपारनंतरचं. डावी बाजू त्यातल्या त्यात बरी, इतकंच. आणि मुंबईत मेच्या मध्याला नि जुलैच्या अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, तो आपण सगळे बघतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत मुंबईजवळ पोचलेल्या जहाजाची ती ‘सावलीची’ बाजूच उन्हात.

मग शब्द आला कुठून? शब्दकोशवाले खात्रीनं सांगत नाहीत आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. हाती जे आहे ते असं: 1830 च्या सुमारास लंडनच्या गल्लीबोळातल्या बोलीत पॉश म्हणजे अर्धा पेनी, सुटे पैसे. हा अर्थ बहुधा रोमानी, म्हणजे युरोपातल्या ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या भाषेतून आला. त्यांच्यात ‘पश’ म्हणजे अर्धा, आणि अर्ध्या पेनीला ते ‘पॉश-हॉरी’ म्हणत. मग 1890 च्या एका बोलीकोशात पॉश म्हणजे छानछोकी करणारा, नटवा माणूस असाही अर्थ येतो. पैसा, पैशातून थाट, थाटातून उंची कपडे, अशी साखळी जुळते असं वाटतं खरं, पण मधल्या कड्या कागदावर मिळत नाहीत.

रोमानी लोकांचे पूर्वज आपल्याच उपखंडातून गेलेले. त्यांचा ‘पश’ संस्कृत ‘पार्श्व’पासून आलाय. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. आणि आपलं ‘पाशी’? तेही त्याच पार्श्वाचं लेकरू. आई पोराला ‘ये माझ्यापाशी’ म्हणते त्यातलं पाशी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते. कुठल्याही जहाजापेक्षा हा प्रवास मोठा आहे.

इथेच आपला पाय घसरू शकतो. मराठीत पोशाख आहे, पलंगपोस आहे, पायपोस आहे. हे फारसी ‘पोश’चे, म्हणजे पांघरण्याचे, घालण्याचे शब्द. सैन्यातला पॉशही कपड्यांबद्दलच, आणि गोरे शिपाई हिंदुस्थानात राहिलेले. जुळलंच की! मलाही मोह होतो. पण ‘पोश’ हिंदुस्थानी छावणीतून इंग्रजीत शिरला याचा दुवा दाखवणारा लेखी पुरावा नाही. नुसत्या आवाजावर नाती जोडायला लागलो तर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहणार नाही. जहाजाला जो नियम लावला तोच पोशाखालाही.

कुठल्याही शब्दाचा फुलफॉर्म कुणी पाठवला तर आधी शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला ते बघा. गोल्फचा फुलफॉर्म फिरतो ना, पुरुषांनाच प्रवेश, बायकांना बंदी? स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली 1457 मध्ये. तेव्हा आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची रीतच नव्हती. ती विसाव्या शतकात फोफावली: रडार, लेझर, स्कूबा. न्यूज म्हणजे चार दिशांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं नव्हेत, न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन. हो, ‘ओके’ मात्र खरोखर आद्याक्षरांतून आलाय, 1839 मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात, ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगवरून. घ्या, एक अपवाद दिला.

अर्थही एकाच जागी थांबलेला नाही. आपल्याकडे पॉश एरिया, पॉश हॉटेल म्हणजे कौतुक. ब्रिटनमध्ये मात्र एखाद्याच्या बोलण्याला पॉश म्हटलं की त्यात बहुतेक वेळा वर्गाचा डंख असतो. तिथल्या पीटरबरो युनायटेड या फुटबॉल क्लबचं टोपणनाव ‘द पॉश’. त्यांनी ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला घेतलं तेव्हा 2002 मध्ये व्हिक्टोरिया बेकहॅमनं, म्हणजे ‘स्पाइस गर्ल्स’ या गायिकांच्या गटातल्या पॉश स्पाइसनं, हरकत घेतली होती.

आणि आपल्या ऑफिसातला पॉश? तो खरंच आद्याक्षरांचा आहे, प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट. हा वेगळाच शब्द, फक्त उच्चार सारखा. कायद्याच्या अधिकृत नावात तो नाहीच. कायदा 2013 चा, पाया सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालाचा. आता मला पुन्हा राग येतोय, कारण त्या वीस मिनिटांत एवढं तरी नक्की सांगून झालं असतं:

जिथे 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांतले किमान 2 सदस्य, एक सदस्य बाहेरचा, आणि एकूण सदस्यांत निदान निम्म्या स्त्रिया. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, घटनेपासून 3 महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. तक्रारीच्या 6 प्रती, सोबत असतील ती कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. समितीनं 7 कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला पाठवायची. चौकशी 90 दिवसांत पूर्ण, अहवाल त्यानंतर 10 दिवसांत, मालकाची कारवाई 60 दिवसांत. समिती नेमलीच नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड.

यातलं सगळ्यात जास्त चुकतं ते तारखेचं. ‘एचआरला मेल टाका’ म्हटलं की बाई मेल टाकते, तिथून ‘बघतो’ येतं, आणि त्यात 3 महिने उलटतात. एचआर म्हणजे समिती नव्हे. एचआरमधली व्यक्ती समितीत असू शकते, पण अर्ज समितीच्या नावानं जायला हवा.

ट्रेनरचा हेतू वाईट नसेल. कंटाळलेल्या लोकांना जागं ठेवायला गोष्ट लागते, हेही कळतं. पण प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचा आवाज दबका होता. समिती नेमल्याचा आदेश ऑफिसात सहज दिसेल अशा जागी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी निघताना जिन्यापासून पॅन्ट्रीपर्यंत सगळ्या भिंती बघितल्या. आगीच्या वेळी काय करायचं त्याचा तक्ता होता, वाढदिवसांची यादी होती. तो कागद नव्हता.