पन्नास हजारांत ट्रॅकची गाडी? त्या मेसेजला उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. पाचवा माझा भाचा. त्याने नुसता पाठवला नाही, तर त्यातलं वाचून गॅरेजात जाऊन सेडानच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगा कापूनही आणल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा : घरची सेडान पन्नास हजारांत ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, तयार होते. आधी ताकद वाढवा : रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं), उघडा एअर फिल्टर, मोठा सायलेन्सर. भोकांच्या डिस्क लावा, बाकी ब्रेकला हात लावायची गरज नाही. स्प्रिंगचं दीड वेटोळं कापा. टायरात चाळीस हवा भरा, तीही नायट्रोजन. इंजिनात जाड ऑइल घाला. काही झालंच तर इन्शुरन्स आहे. आणि ट्रॅक लांब पडत असेल तर पहाटे हायवेवर सराव करा.

मी सोलापूरचा. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चारदा आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दोनदा मी माझी रोजची गाडी चालवली आहे. पंधराशे सीसी, पेट्रोल, पुढे डिस्क, मागे ड्रम. याच गाडीतून आई सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाते. मित्र विचारतात, ‘काय बे, एवढ्या लांब जाऊन गोल गोल फिरायचं?’ हो, त्यासाठीच जातो. पण आठ-नऊशे किलोमीटर जायचं, दिवसभर गाडी पिळायची आणि तिच्यातच बसून घरी परतायचं, हे सगळं एकाच गाडीकडून करून घ्यायचं असतं. मेसेज लिहिणाऱ्याने परतीचा प्रवास धरलेलाच नाही.

ताकदीचं आधी उरकतो. टर्बो नसलेल्या पंधराशे सीसी इंजिनात रिमॅपने हाताला फार थोडं लागतं. टर्बो असेल तर जास्त मिळतं, कारण तिथे बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा २० अंशांवरून ४२ अंशांवर गेली की ती साधारण सात टक्के विरळ होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४२ हा बाहेरच्या सावलीतला आकडा असतो. बॉनेटखालचा कितीतरी वर. कंपनीने बंद डबा देऊन बाहेरची हवा आत घ्यायची सोय केलेली असते. तो डबा काढायला पैसे देणं म्हणजे पैसे देऊन ताकद घालवणं. वर अक्कलकोट रोडची धूळ.

आता ब्रेक. मेसेजने एका ओळीत संपवलेला हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

चालकासह १२०० किलोची गाडी १४० वरून ७० च्या वेगाला आणली, की सुमारे ६८० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत दोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हे एका ब्रेकमध्ये, तीन-चार सेकंदांत. फेरीत असे जोराचे ब्रेक तीन-चारदा लागतात आणि एक सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, पंधरा-वीस मिनिटांचं असतं. यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क सोसतात. गावात किंवा पुणे रोडवर वर्षभर गाडी चालवून ब्रेकला असं तापवायची वेळ येत नाही, म्हणून ‘कंपनीचे ब्रेक चालतात’ हे रस्त्यावर खरं वाटतं.

माझ्या पहिल्याच ट्रॅक डेला, तिसऱ्या सेशनमध्ये, सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला, तोवर मी ट्रॅक सोडून मातीत होतो. गाडीला ओरखडा नाही, पण पाय अर्धा तास थरथरत होते. कारण साधं होतं. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं जुनं. सर्व्हिसला दर वेळी ‘लेव्हल ठीक’ असं लिहून मिळायचं, आणि लेव्हल खरंच ठीक होती.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३, डॉट ४ ही त्याची प्रत. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. डॉट ४ नवं २३० ला, पाणी मुरलेलं १५५ ला. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. डब्यातली पातळी बघून यातलं काहीच कळत नाही. सीलबंद बाटलीतलं नवं डॉट ४, चारही चाकांची ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं), एक माणूस पेडलवर आणि एक चाकामागच्या निपलवर : एका सकाळचं काम, ऑइलचा खर्च काही शे रुपये. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. मी प्रत्येक ट्रॅक डेच्या आठवडाभर आधी ऑइल बदलतो. त्यानंतर पेडल कधी बसलं नाही.

दुसरा खर्च पॅडचा, म्हणजे डिस्कला घासून ती थांबवणाऱ्या पट्ट्यांचा. जास्त तापमान सोसणारे पॅड घ्यायचे आणि ते बसवून घ्यायचे, म्हणजे मोकळ्या जागी हळूहळू जोर वाढवत ब्रेक लावून तापवायचे आणि निवू द्यायचे. भोकांच्या डिस्कने उलट नुकसान होतं. भोकं पाडली की उष्णता धरून ठेवणारं लोखंड कमी होतं, आणि तापून निवून तडे जातात ते भोकांच्या कडेपासूनच. साधी, जाड, न घासलेली डिस्क बरी. सेशनची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश काढायची. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये टाकून चाकामागे ठोकळा ठेवायचा, ब्रेक निवेपर्यंत.

भाच्याच्या स्प्रिंगांकडे येतो. त्याची गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक लोंबतं सोडलं आणि स्प्रिंगला हात लावला, तर ती आपल्या बैठकीत गरागरा फिरली. चाक एखाद्या उंचवट्यावरून उडालं असतं तर स्प्रिंग बैठकीतून निसटली असती. वेटोळं कापलं की उरलेली स्प्रिंग कडक होते हे खरं आहे, पण शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाचाच राहतो. मग कडक झालेली स्प्रिंग त्याला आवरत नाही आणि गाडी उसळत राहते. शिवाय अशा सेडानला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, असतो. गाडी नुसती खाली बसवली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो आणि वळणावर कलण्याची ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. ‘मामा, गाडी दिसते मात्र भारी,’ तो म्हणाला. दिसते, हे मीही कबूल केलं.

त्याच पैशात झिजलेले बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड बदलून, शॉकअप गळत नाहीत ना हे बघून, चांगल्या मशीनवर अलाइनमेंट करावी. पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्टने थोडा निगेटिव्ह कॅम्बर दिला, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत कलवला, तर वळणात टायर त्याच्या कडेवर नाही, तळव्यावर चालतो. मला सगळ्यात जास्त फरक इथेच जाणवला.

टायरात चाळीस हवा? सकाळी ३० अंशांना ३२ भरलेली हवा टायर ७० अंशांवर गेला की ३८ होते. चाळीस भरून निघालात तर ४७ च्या आसपास जाते, टायर मधोमध फुगतो आणि पकड जाते. टायरच्या कडेवर खडूने रेघा मारा, सेशननंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा आणि तापलेल्या टायरातली हवा त्याप्रमाणे कमी करा. घरी निघताना निवलेल्या टायरात पुन्हा भरा, हे विसरू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरड्या वायूने ओलावा तेवढा टळतो, पण तापल्यावरची वाढ तशीच होते. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली शिल्लक असली तरी जुनं, कडक पडलेलं रबर ट्रॅकवर नेऊ नये.

इंजिन ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाडीचा आकडा, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. त्यात ३० आणि ४० दोन्ही चालत असतील तर ट्रॅकसाठी ४० घ्या. त्यापलीकडे जाड घातलं की इंजिनाच्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोहोचत नाही. पातळी वरच्या खुणेला ठेवा, कारण लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाच्या) एका कडेला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. खुणेच्या वर भरलंत तर फेस होतो. जाड ऑइलपेक्षा कुलंट सांभाळा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायची आपल्याकडची सवय मोडा. त्याचा क्षार आत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं निम्मं, आणि झाकणाचं रबर शाबूत. कुकरची शिट्टी ढिली असेल तर आत दाब धरत नाही, तसंच हे आहे.

इन्शुरन्सचं सर्टिफिकेट उघडून वापराच्या अटी वाचा. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून स्पष्ट वगळलेली असते. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून, हे धरूनच जायचं. आणि आरसी बुकातले तपशील बदलतील असे फेरफार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत.

शेवटची ओळ, पहाटे हायवेवर सराव. ती वाचून माझं डोकं खरंच तापलं. विजयपूर रोडवर गाळपाच्या हंगामात पहाटे चारला उसाच्या ट्रॉल्या चालतात, दोन-दोन जोडलेल्या, बऱ्याच मागे दिवा नसलेल्या. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर तुळजापूरची वाट चालतात. पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या कडेने असतातच. ट्रॅकवर झेंडे दाखवणारी माणसं असतात, अॅम्ब्युलन्स उभी असते, समोरून कुणी येत नाही. माझं पेडल खाली गेलं तेव्हा पुढे माती होती. तसंच विजयपूर रोडवर झालं असतं तर पुढे ट्रॉली असती, नाहीतर अनवाणी चालणारी कुणाची तरी आई.

भाच्याच्या गाडीत कंपनीच्या स्प्रिंगा परत बसल्या. रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं तिचं ब्रेक ऑइल बदलतोय. पेडलवर तो, निपलवर मी.