एका वर्षात दोन-तीन स्टेटमध्ये काम केलंय? मग फेडरल (केंद्र सरकारच्या) टॅक्स रिटर्नवर थांबू नका

अमेरिकेत न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला कामाला जाणारी, मधेच शिकागोच्या क्लायंटकडे पाठवलेली आपली कितीतरी मुलं बघतोय, फेडरलचा रिफंड खात्यात आला की सुटलो म्हणतात आणि स्टेटच्या बाबतीत सॉफ्टवेअर दाखवेल ते ओके करून टाकतात. प्लीज असं करू नका.

जिथे बसून काम केलं त्या स्टेटचा पहिला हक्क, मग घरचं स्टेट सगळ्या उत्पन्नावर टॅक्स लावतं आणि बाहेर भरलेल्याचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट, देतं. म्हणून आधी बाहेरच्या स्टेटचा नॉन-रेसिडेंट रिटर्न पूर्ण करायचा, घरचा नंतर, नाहीतर क्रेडिटचा आकडा आणणार कुठून? आणि क्रेडिट मिळतं ते त्या उत्पन्नावर जर्सीचा जेवढा टॅक्स होतो तेवढंच, न्यूयॉर्कला जास्त गेले तर ते गेले.

माझ्या भाच्याच्या डब्ल्यू-२ वर (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) एनवाय (न्यूयॉर्क) आणि एनजे (न्यू जर्सी) अशा दोन ओळी, आणि बॉक्स १६ मध्ये, म्हणजे स्टेटच्या पगाराच्या रकान्यात, दोन्हीकडे पूर्ण पगार. घाबरून फोन, "मामा, माझा पगार डबल दाखवलाय का?" नाही रे बाबा. न्यूयॉर्कच्या ओळीत फेडरलएवढाच आकडा टाकायचा असा तिथला नियमच आहे, त्यातला न्यूयॉर्कचा वाटा किती ते आपण न्यूयॉर्कच्या आयटी-२०३-बी फॉर्मवर दिवस मोजून दाखवायचं. शनिवार-रविवार, सुट्ट्या, सिक लीव्ह, व्हेकेशन काढून टाका, उरलेल्या कामाच्या दिवसांतले न्यूयॉर्कबाहेरचे किती ते लिहा. त्याचे शिकागोचे दिवस असे बाहेर निघाले. (शिकागोच्या स्टेटमध्ये, इलिनॉयमध्ये, ३० पेक्षा जास्त कामाचे दिवस झाले तर तिकडचाही रिटर्न येतो.) पण स्वतःच्या सोयीने जर्सीच्या घरून केलेलं काम? ते दिवस न्यूयॉर्क स्वतःचेच धरतं. मला हे अजिबात पटत नाही, ना त्यांचा रस्ता वापरला ना ट्रेन, पण नियम आहे.

टेक्सासवाल्यांनो, तुमच्याकडे स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून कॅलिफोर्नियात जाऊन साइटवर केलेलं काम सुटत नाही, तिथला नॉन-रेसिडेंट रिटर्न ५४०एनआर भरावाच लागतो. घरी टेक्सासमध्येच बसून तिकडच्या कंपनीची नोकरी करत असाल तर तो पगार कॅलिफोर्नियाचा नाही.

मला खरा राग येतो तो पाठवणाऱ्या कंपन्यांचा. पोराला सोमवारी विमानात बसवतात आणि पेरोलमध्ये वर्षभर एकच स्टेट, मग दोन-तीन वर्षांनी नोटीस येते ती पोराच्या नावाने, व्याज आणि पेनल्टीसकट. रिटर्नच भरला नसेल तर टॅक्स मागण्याची न्यूयॉर्कची तीन वर्षांची मुदत सुरूच होत नाही, म्हणजे जुनं प्रकरण कधीही उकरता येतं. ३० दिवसांपर्यंतच्या कामावर दुसऱ्या स्टेटने टॅक्स घेऊ नये असं बिल अमेरिकेच्या संसदेत हाऊसने २०१२, २०१६ आणि २०१७ मध्ये पास केलं, सिनेटमधून ते कधीच पुढे गेलं नाही. हे व्हायलाच पाहिजे होतं, चार दिवसांच्या ट्रेनिंगसाठी वेगळा रिटर्न भरायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

तोवर टाइमशीट, बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं एका फोल्डरमध्ये टाकत जा, आणि प्रोजेक्ट बदलला की त्याच दिवशी पेरोलला मेल करा.

आणि जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाला जाणाऱ्यांसाठी, दोन्ही स्टेटचा करार आहे, एम्प्लॉयरला आरईव्ही-४१९ फॉर्म दिला की पेनसिल्व्हेनिया स्टेटचा टॅक्स कापला जात नाही, फक्त जर्सीचा. फिलाडेल्फिया शहराचा पगारावरचा वेज टॅक्स मात्र कापला जाणारच, त्याचं क्रेडिट जर्सीच्या रिटर्नमध्ये घ्यायला विसरू नका.