काकूंना कुणी विचारलं का?

आज सकाळी सोसायटीची सभा होती. पार्किंग, गळकी टाकी, लिफ्टचं कंत्राट, सगळं नेहमीप्रमाणे भांडून झालं आणि शेवटी नवा चेअरमन कोण, हा विषय निघाला. कुणीच तयार होईना. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "तळमजल्यावरच्या काकूंना करा चेअरमन! मीटिंगला भजी तरी गरम मिळतील." अख्खा हॉल हसला. मीही हसले. काकू तेव्हा चहाचे कप गोळा करत होत्या. त्याही हसल्या, पदराला हात पुसले आणि ट्रे उचलून आत गेल्या.

दुपारपासून ते पदराला पुसलेले हात डोळ्यांसमोरून जात नाहीयेत. आणि सारखी सुझाना साल्टर आठवतेय.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अर्गोनिया नावाचं गाव आहे. १८८७ साली वस्ती जेमतेम पाचशे, पण कागदोपत्री शहर, त्यामुळे त्याला मेयर, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष. त्याच वर्षी कॅन्ससमध्ये बायकांना शहराच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला होता. गावातल्या दारूबंदीवाल्या बायकांनी लगेच सभा घेऊन आपले उमेदवार ठरवले. (आपल्याकडे बाटली आडवी करायला बाहेर पडणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.) यादीत सगळे पुरुषच होते बरं का. तरीही गावातल्या वीसेक पुरुषांना बायकांनी राजकारणात नाक खुपसलेलं सोसेना. त्यांनी गुपचूप तीच यादी उचलली, फक्त मेयरच्या जागी त्याच बायकांतल्या सुझानाचं नाव घातलं. तिला न विचारता. तेव्हा उमेदवारांची नावं आधी जाहीर करावी लागत नसत, त्यामुळे मतदानाच्या दिवशी सकाळी मतपत्रिका हातात पडेपर्यंत कुणालाच पत्ता नव्हता. पंधरावीस मतं पडतील, बाई तोंडावर आपटेल, बाकीच्या पुन्हा वर मान करणार नाहीत, असा सगळा बेत.

माणसं ही गोष्ट "कशी गंमत अंगलट आली" म्हणून सांगतात. मला त्याचाच राग येतो! गंमत करणाऱ्यांची गोष्ट कशाला सांगता? तिची सांगा ना.

सुझाना तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, चार मुलांची आई. मूळची ओहायो राज्यातली, क्वेकर (साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) घरातली, बारा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर कॅन्ससमधल्या ऐंशी एकरांच्या शेतावर आली. कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावच्या कृषी महाविद्यालयात शिकली. हुशार इतकी की पहिलं वर्ष करावंच लागलं नाही. पण पदवी सहा आठवड्यांवर आली असताना आजारपणाने शिक्षण सुटलं. १८८० मध्ये लुईस साल्टरशी लग्न झालं आणि दोन वर्षांनी दोघं अर्गोनियात आली, नवरा हार्डवेअरचं दुकान बघायला लागला. त्या गावात जन्मलेलं पहिलं बाळ तिचंच. त्याच्या नावात तिने गावाचंही नाव घातलं, फ्रान्सिस अर्गोनिया. ज्या गावाला तिने आपल्या पोराच्या नावात जागा दिली, त्याच गावाने तिचं हसं करायचं ठरवलं.

ठीक आहे, तिचं घर अगदी सामान्य नव्हतं, हे मान्य. वडील ऑलिव्हर किन्सी गावाचे पहिले मेयर, सासरे मेलव्हिल साल्टर राज्याचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचं पद. पण म्हणून त्या वीस जणांनी तिला सोडलं का? उलट घरात एवढं राजकारण मुरलेल्या बाईचंही नाव त्यांना विनोदच वाटलं. मग आमच्या काकूंची काय कथा.

मतदानाच्या दिवशी सकाळी ती कपडे धूत होती. यादी पाहून चक्रावलेले रिपब्लिकन पक्षाचे काही पुढारी तिच्या दारात आले आणि त्यांनी तिला सरळ विचारलं, निवडून आलात तर पद घ्याल का? ती हो म्हणाली.

मी याच जागी अडकते. कुणीतरी जाऊन विचारलं! नवरा तोवर मतदानाला गेला होता, तिथे बायकोचं नाव वाचून भडकला, आणि घरी आल्यावर ही हो म्हणून बसलीय हे कळल्यावर आणखीच. (पुढे तोच "मी मेयरचा नवरा" म्हणून कौतुकाने मिरवायचा, तेव्हा त्याला माफ करू.) दुपारी ती आईवडिलांबरोबर जाऊन मत देऊन आली. दारूबंदीवाल्या बायकांनी स्वतःचा ठरलेला उमेदवार सोडून हिच्यामागे ताकद लावली. दोन तृतीयांश मतं पडली. निवडून येऊन अमेरिकेतल्या शहराचा कारभार बघणारी पहिली महिला मेयर.

वर्षभरात तिने काही डोंगर हलवला नाही, हेही मान्य. बैठका घेतल्या, कारभार नीट चालवला, बस. बातमी स्वीडन, दक्षिण आफ्रिकेपर्यंत छापून आली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा बातमीदार ती बैठक कशी चालवते ते बघायला आला, जणू बाई खुर्चीवर बसून नेमकं काय करते हे कोडंच होतं. वर्षाचा पगार एक डॉलर. पुन्हा उभी राहायला तिने नकार दिला. पुढे कुटुंब ओक्लाहोमात गेलं, एकूण नऊ मुलं झाली, १९१६ मध्ये नवरा गेला. ती मात्र एकशे एक वर्षं पूर्ण करून १९६१ च्या मार्चमध्ये गेली. पुरलं तिला अर्गोनियातच, नवऱ्याशेजारी.

आता काकू. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली असते, सुतळीला पेन बांधलेलं. अकरा वर्षं टँकर किती वाजता आला, किती भरला, पैसे कुणी दिले, सगळं त्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात टँकरवाल्याने दोन फेऱ्या जास्त लावल्या, ते कुणी पकडलं? त्यांनी. कमिटीने नाही. आणि आम्हाला त्यांच्या नावावर भजी सुचली. मला नाही सुचली, पण मी हसले. ते एकच.

काकूंना नसेलही व्हायचं चेअरमन. शक्य आहे. गुडघे दुखतात, नातू सांभाळायचा असतो. पण हे आपण त्यांच्या वतीने कशाला ठरवायचं?

इथपर्यंत लिहिलं आणि उठून खाली जाऊन आले. काकू मेथी निवडत होत्या. आधी सकाळच्या हसण्याबद्दल माफी मागितली, त्या म्हणाल्या, "अगं जाऊ दे." मग विचारलं, "काकू, खरंच विचारतेय, चेअरमन व्हाल का?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जुडी संपवली, देठं पेपरात गुंडाळली. मग म्हणाल्या, "झालेच, तर मागच्या पाच वर्षांचे हिशोब मला बघायला मिळतील का गं?"