सूर बदलला की शब्द बदलतो

चिनी अक्षरांचे दुहेरी उच्चार म्हणजे निव्वळ गोंधळ, हे एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. 'हाव' (好) या अक्षराचंच बघा. चिनीत आवाजाच्या चढ-उताराचे, म्हणजे सुरांचे, चार प्रकार असतात आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. हे अक्षर तिसऱ्या सुरात म्हटलं की 'चांगलं', चौथ्या सुरात 'आवड असणं'. अक्षर तेच, 'बाई' आणि 'मूल' यांच्या चिन्हांना शेजारी-शेजारी ठेवून बनलेलं. अनेक अभ्यासकांच्या मते प्राचीन चिनीत शब्दाच्या शेवटी 'स्' जोडून असे नवे शब्द घडत. पुढे तो 'स्' झिजला आणि त्याच्या जागी सूर उरला. याला गोंधळ कसं म्हणायचं? हा तर जुन्या व्याकरणाचा जिवंत पुरावा आहे!

चिनी अक्षरं जपानीतही वापरतात आणि तिथेही एका अक्षराचे अनेक उच्चार असतात, पण त्याचं कारण वेगळं. 'चालणे' या अर्थाच्या अक्षराचे (行) तिथले 'ग्यो' आणि 'को' हे उच्चार चीनमधून वेगवेगळ्या काळात आले. 'को' चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातला (सातवं ते दहावं शतक), 'ग्यो' त्याच्याही आधीचा.